वन्य घटकाबाबत पालकांस सूचना

विषय

शाळेच्या किचनशेडचं दार आत चेपलेलं होतं आणि कडी एका खिळ्यावर लोंबत होती. धुरपतानं दाराकडे पाहिलंच नाही. ती थेट शेडमागच्या हात धुवायच्या ओट्याकडे गेली आणि उभ्याउभ्या तिनं कपाळाला हात लावला.

ओट्यावर तिचा मोहा वाळत होता. म्हणजे काल शाळा सुटेपर्यंत वाळत होता. आठ दिवस पहाटे उठून, कंबर मोडेस्तोवर वाकून, एकेक फूल वेचून आणलेला मोहा. आता ओट्याच्या मधोमध चाटून लख्ख केलेला सिमेंटचा गोल होता आणि कडेनं चारदोन फुलं पडली होती, पंगतीत पोट भरलेल्या पाव्हण्याच्या ताटाबाहेर शितं पडतात तशी.

पाव्हणा कोण, हे कळायला पंजे पाहायची गरज नव्हती. तरी पंजे होतेच. सांडपाण्याची नाली ओट्याखालून निघते आणि कंपाउंडच्या चौथ्या बाजूनं बाहेर जाते. चौथी बाजू म्हणजे भिंत नसलेली बाजू. तीन बाजू बांधून झाल्या तेव्हा मंजुरी संपली. चौथीचं पत्र चार वर्षांपूर्वी गोंदियाला गेलं, ते अजून तिकडेच आहे. तिथं नालीच्या पाण्यानं उन्हाळ्यातही चिखल असतो, आणि त्या चिखलात अनवाणी माणसासारखेच, पण रुंद आणि नखांचे ठसे होते. आत येताना खोल. जाताना त्याहून खोल.

कोसमटोल्यात मोहा पडायला लागला की त्याचं नाव कोणी घेत नाही. शेवटचं फूल वेचून होईस्तोवर तो नुसता 'बुढा'. नाव घेतलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि हाक मारली की तो येतो. धुरपतानं आठ दिवसांत एकदाही नाव घेतलं नव्हतं. तिनं त्याला फक्त जेवायला वाढलं होतं.

घरच्या अंगणात बकऱ्या, शेजारच्या कोंबड्या, गल्लीतली डुकरं. मोहा कुठं वाळवायचा? शाळेचा ओटा साफ, ऊन दिवसभर, आणि तीन बाजूंनी सरकारी भिंत. एवढी सोय पाहून कोणत्या बाईचा जीव राहील? हातपंप बिघडल्यापासून पोरं तिकडं हात धुवायला येत नव्हती. कोणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही.

मग तिनं झाडू घेतला. आधी फुलं भरली, तांदळाच्या रिकाम्या पोत्यात. मग ओट्याभोवतीचे पंजे झाडले. नालीजवळचे पायानं चोळले. आणि पाठ सरळ करते न करते तोच चौथ्या बाजूनं हाक आली.

संदर्भ

"का वो धुरपता, दार कोनं तोडलं?"

शामकला. शाळेतली दुसरी स्वयंपाकीण. वयानं मोठी, नेमणुकीनंही आधीची.

"कुत्रं असन," धुरपता म्हणाली.

"कुत्र्यानं कडी तोडली?"

"मोठं असन."

शामकलानं दार पाहिलं, धुरपताच्या हातातला झाडू पाहिला आणि मग, कोण जाणे कशाला, शेडच्या छताकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं. "मी जरा पान्याची टाकी पाहून येतो," असं म्हणून ती शिडीनं वर चढली. ती रोजच टाकी पाहायला चढायची. टाकीत पाणी दिवाळीपासून नव्हतं.

इथं एक हिशेब सांगून ठेवायला हवा. तो पटसंख्येचा आहे. पंचवीसच्या वर पोरं असली तर शाळेला दोन स्वयंपाकिणी. पंचवीस किंवा खाली आली की एक. कोसमटोल्याच्या शाळेत पोरं होती सत्तावीस. मागच्या साली बत्तीस होती. मग सडक अर्जुनीच्या एका कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन गावच्या पारापर्यंत यायला लागली आणि पाच पोरं टाय बांधून तिच्यात बसून गेली. आणखी दोन गेली की एक बाई घरी, आणि घरी जायची ती मागून आलेली. म्हणजे धुरपता.

त्यामुळे ती रोज प्रार्थनेच्या वेळी डोकी मोजायची. गुरुजी हजेरी नंतर घेत. हिची आधी झालेली असे. कोणाला ताप आला की आईच्या आधी ही घाबरायची.

साडेसहाला लीलाधर बिसेन गुरुजींची मोटारसायकल आली. गुरुजींनी गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवला आणि तसाच उचलून धरला.

पायरीवर विष्ठेचा मोठा, काळा, ताजा पो होता. त्यात मोहाची फुलं अर्धी अख्खी दिसत होती. धुरपतानं मागची बाजू झाडली होती. पुढची राहून गेली होती.

"धुरपताबाई," गुरुजी एका पायावर उभे राहून म्हणाले, "हे काय आहे?"

"कुत्र्याचं असन, गुरुजी."

गुरुजींनी त्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "हे कुत्रं मोहा खाते का बाई?"

मसुदा

आता पालकांना कळवणं आलं. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेला धोका वाटला तर पालकांना ताबडतोब कळवा, कळवल्याची पोच घ्या आणि वर कळवा, असं पत्र गुरुजींच्या फायलीत होतं. गुरुजी पत्रांना फार मानत. पण अस्वलापेक्षा ते पालकांना भीत, आणि पालकांपेक्षा पिवळ्या व्हॅनला.

ते खुर्चीत बसले, मोबाइल काढला, 'कोसमटोला पालक' हा गट उघडला आणि लिहिलं :

*शाळेत रात्री अस्वल आले होते.*

मोठ्यानं वाचलं. खिडकीशी तांदूळ निवडत बसलेल्या धुरपतानं ऐकलं.

"हे गुंजनच्या आईनं वाचलं तर काय करन?" गुरुजींनी विचारलं.

गुंजनची आई म्हणजे रीना. गावात सून म्हणून आलेली, बारावी झालेली, सगळ्या गोष्टी विचारून घेणारी.

"पोरगी व्हॅनमंधी बसवन," धुरपता म्हणाली.

"आणि तिचं पाहून?"

"दोन-चार जातीन."

गुरुजींनी बोटानं वाक्य पुसलं. गुरुजींच्या मनात शाळा बंद पडत होती; धुरपताच्या मनात चूल. आणि एका बाजूला पोत्यातला मोहा मंद, गोड, आंबूस वास सोडत होता.

"'आले होते' कायले म्हना?" ती हळूच म्हणाली. "कोनं पाह्यलं? 'आलं असन' म्हना."

*शाळेत रात्री अस्वल आले असण्याची शक्यता आहे.*

"बरं आहे," गुरुजी म्हणाले. "अजून जरा मऊ पाहिजे."

"अन् त्याचं नाव नोका घेऊ, गुरुजी. मोह्याचे दिवस होत. नाव नाइ घेत."

गुरुजींचा चेहरा उजळला. "मग काय लिहू? बुढा?"

"तुमच्या भाषेत काय म्हनतेत?"

"वन्य प्राणी." त्यांनी लिहिलं, थांबले. "प्राणी म्हटलं की दात आले."

"दात नोका."

*शाळेच्या आवारात वन्य घटक आला असण्याची शक्यता आहे.*

"'शाळेत' कायले?" धुरपताला आता जोर आला. "शाळेच्या भवताल म्हना ना. भवताल तं जंगलच हाये."

असं करत करत, तांदळातले खडे काढावेत तसे त्या दोघांनी त्या सूचनेतून एकेक करून रात्र काढली, शाळा काढली, दार काढलं, अस्वल काढलं. सात वाजून दहा मिनिटांनी, पोरं पटांगणात रांगेत उभी असताना, जे उरलं ते गटावर गेलं :

*सर्व पालकांना कळविण्यात येते की, परिसरात काही वन्य घटकांचा तात्पुरता वावर असल्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही. तथापि घाबरण्याचे कारण नाही. योग्य ती दक्षता घेऊन सहकार्य करावे. वाचल्याची पोच द्यावी. – मुख्याध्यापक*

गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि समाधानानं मान हलवली. धुरपतालाही आवडलं. एवढ्या लांब वाक्यात अस्वल शोधायला अस्वलालाच यावं लागलं असतं.

पोरांची डोकी तिनं मोजली. सत्तावीस.

प्रतिसाद

दुपारपर्यंत आलेली पोच :

जोडलेले हात. नऊ.

अंगठा. सहा.

गुलाबाचं फूल, त्यावर 'शुभ सकाळ'. एक.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष केवलराम यांच्याकडून : *हार्दिक अभिनंदन सर.* केवलराम गटावर काहीही आलं तरी अभिनंदन करत. मागं गुरुजींनी लाइट बिल टाकलं होतं, तेव्हाही केलं होतं.

गुरुजींनी पोचेचे फोटो काढून फायलीला लावले. काम झालं.

संध्याकाळी धुरपतानं पोतं डोक्यावर घरी नेलं. इतवारी खाटेवर बसून दोर वळत होता. धुरपताच्या या नवऱ्याच्या डाव्या भुवईपासून कानापर्यंत टाळूची कातडी शिवलेली आहे. आठ वर्षांपूर्वी मोहाखालीच बुढ्यानं हात फिरवला होता. तेव्हापासून गावात त्याचा मान वाढला. कोणाच्याही लग्नात त्याला पुढं बसवतात आणि पोरं येऊन टाके मोजतात.

"मोहा घरी काऊन आनला?" इतवारीनं विचारलं. "शाळेतच वाळते ना चांगला."

"झाला वाळून."

"आठ दिवसाचा एवढासाच?"

"वाळला की कमी होते."

इतवारीनं दोर खाली ठेवला. पोत्यात हात घातला, मूठभर फुलं काढली, नाकाशी नेली. मग त्यातून एक जाड काळा केस दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. तो केस त्यानं नुसता तिच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा दोर वळायला घेतला. दोन वेढे वळून म्हणाला, "मी मोठा मानूस होतो, मनून वाचलो."

तिनं भाकरी थापली. एक करपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेकडीवरच्या मोहांखाली बाया वाकलेल्या होत्या. मोहाखाली वाकलं की बोलणं जमिनीशी होतं. कोण कोणाला बोलते ते आवाजावरून ओळखायचं. झुंजुमुंजू होतं, फुलं टपटप पडत होती, पाठीवर पडली की थंड लागत. गावात मोबाइलची रेंज येते-जाते, टेकडीवर मात्र पक्की असते; रीनानं टोपली ठेवली, फोन काढला आणि कालची सूचना मोठ्यानं वाचली.

"आता हे काय होय?" ती म्हणाली. "बारावी झाली मी. तीनदा वाचलं."

"तात्पुरता वावर," एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे गुरुजीची बदली झाली असन."

"नाइ वो. मलेरियावाले फवारायले येतेत, ते असन."

"दारूवाले असतीन. शाळेच्या मांगं बसतेत."

"दारूवाल्याले घटक म्हनते का?"

"गुरुजी साऱ्यायलेच मानानं बोलतेत."

सगळ्या हसल्या. शामकला हसली नाही. ती खाली मान घालून भराभर वेचत होती. धुरपताही हसली नाही.

"माह्या जावेले विचारा," रीना म्हणाली. "तिची पोरगी व्हॅनमंधी जाते. मांगच्या महिन्यात शाळेत मधमाशा उठल्या, तं त्याहीनं इंग्रजीत मॅसेज धाडला. जावेनं हात जोडून दिले. व्हॅन आलीच नाइ, पोरगी टाय बांधून पारावर दहापर्यंत उभी! हे मराठीत धाडतेत, ते इंग्रजीत धाडतेत. समजत कोनाचंच नाइ." तिनं फोन कमरेला खोचला. "माह्या गुंजनले तं शाळेची अशी हौस, सहालाच पळते. घंटा आपनच वाजवीन म्हनते. फाटकाले कुलूप असते, मनून त्या भिंत नसलेल्या आंगानं शिरते. आतासाच गेली."

धुरपताची पाठ वाकलेलीच राहिली, पण हात थांबला.

बुढा एकदा जिथं जेवला तिथं दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, हे त्या टेकडीवरच्या प्रत्येक बाईला माहीत होतं. कुठं जेवला, हे एकटीलाच माहीत होतं.

तिनं टोपली टाकली. फुलं उतारावर सांडली. ती पळत सुटली, लुगड्याचा काष्टा सुटला, एक चप्पल पळसाच्या झुडपात राहिली, आणि मागून शामकला ओरडली, "काऊन वो, का झालं?" तरी तिनं मागं पाहिलं नाही.

स्मरणपत्र

शाळेत तेव्हा तीन जण होते.

एक, गुंजन. आठ वर्षांची, दोन वेण्या, हातात घंटेचा लोखंडी गज. व्हरांड्यात घंटेखाली उभी. ती घंटा वाजवत नव्हती. सात वाजले नव्हते. वेळेच्या आधी वाजवायची नाही, असं गुरुजींनी सांगितलेलं.

दोन, बुढा. ओट्यावर बसलेला. रिकामं सिमेंट हुंगत होता, पुन्हा हुंगत होता, हॉटेलात कालची ऑर्डर आज मिळाली नाही की माणूस बसतो तसा.

तीन, लीलाधर गुरुजी. ते फाटकाबाहेर, कुलपाशी. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात मोबाइल. त्यांना घाम आला होता आणि ते अंगठ्यानं लिहीत होते. त्यांनी किती लिहिलं ते नंतर सगळ्यांनी पाहिलं : *स्मरणपत्र. दि. कालच्या सूचनेस अनुसरून*. एवढंच गटावर पडलं आणि रेंज गेली.

आणि चौथी धुरपता, जी भिंत नसलेल्या अंगानं, चिखल तुडवत, एका चपलेनं आत आली.

व्हरांड्यात खिचडीचा मोठा गंज, ॲल्युमिनियमचं भलंमोठं पातेलं, पालथा घातलेला होता, काल तिनंच घासलेला. तिनं गुंजनला मागं ओढलं, वर्गात लोटली, पोरीच्या हातातला गज हिसकून घेतला आणि गंजावर हाणला. एकदा, दोनदा, मग मोजणं सुटलं. गावात लग्नाच्या वरातीलाही असा आवाज झाला नव्हता. आणि तिच्या तोंडून, आठ दिवस जिभेखाली दाबलेलं, बाहेर पडलं :

"अस्वल! अस्वल हाये शाळेत! धावा गा, अस्वल! पोट्टे शाळेत धाडू नोका! अस्वल!"

मोह्याच्या दिवसात. नावानिशी. चार वेळा.

बुढा दोन पायांवर उभा राहिला. इतवारीएवढा उंच. त्यानं तिच्याकडे पाहिलं. धुरपताचे हात काही थांबेनात, ते तिचे राहिलेच नव्हते. मग तो खाली बसला, कानावर माशी यावी तसं डोकं झटकलं आणि, अपमान झालेल्या पाव्हण्यासारखा, मागं न पाहता चौथ्या बाजूनं निघून गेला.

वर्गाच्या दारातून गुंजन बाहेर आली.

"मावशी, गज दे. सात वाजले."

आणि तिनं घंटा वाजवली.

प्रत्यक्ष सभा

दहा मिनिटांत सगळं गाव शाळेत. टेकडीवरच्या बाया टोपल्यांसकट, बाप्ये कुऱ्हाडी-काठ्यांसकट, केवलराम पांढऱ्या शर्टाची बटणं लावत. महिन्याच्या पालकसभेला चार जण येत. आज पटांगण पुरत नव्हतं. कोणीतरी जंगलखात्याच्या बीटगार्डला, देवेंद्रलाही घेऊन आलं.

रीना गुंजनला कडेवर घेऊन उभी होती. आठ वर्षांची पोरगी, पाय खाली लोंबत होते, तरी सोडत नव्हती.

"काल काऊन नाइ सांगतलं, गुरुजी?"

"कळवलं होतं," गुरुजींनी फाइल पुढं केली. "ही पाहा पोच. तुमचा अंगठा आहे."

"त्याच्यात अस्वल कुठी हाये?"

गुरुजींनी सूचनेवर बोट फिरवलं. 'वन्य घटकांचा' इथं थांबवलं. रीना वाकून पाहत राहिली. मागची म्हातारी म्हणाली, "अगे माय, मी मनलं बदली झाली."

केवलराम पुढं आले. अध्यक्षांनी बोलायला हवं होतं. "जे झालं ते झालं. गुरुजींनी पत्रव्यवहार चांगला केला, त्याबद्दल मी समितीच्या वतीनं..."

"अभिनंदन नोका करू!" तीन बाया एकदम ओरडल्या.

देवेंद्र तोवर ओट्याभोवती फिरून आला होता. पोरगेला गार्ड, पण नाक जाणतं. "अस्वल असंच नाही येत शाळेत," तो म्हणाला. "त्याले इथं खायले भेटून राहिलं. मोहा कोन वाळवते इथं?"

पन्नास-साठ माणसं एकमेकांच्या पायाकडे पाहत होती.

धुरपतानं गुंजनचे लोंबते पाय पाहिले. मग तिनं डोकी मोजली, सवयीनं. सत्तावीस. मोजून घ्यावं, म्हणाली मनात, उद्या कोण मोजते?

"मी," ती म्हणाली. "मी वाळवतो. आठ दिवसापासून. काल दार तोडलं ते मले माहीत होतं. मीच झाडून टाकलं. अन् तो मॅसेज... गुरुजी सरळच लिहीत होते. मीच मऊ कराले लावला. पोट्टे जातीन, माही चूल जाईन, मनून." तिनं पदरानं तोंड पुसलं, तोंडाला काजळी लागली. "आता ठेवा नाइ तं काढा."

कोणी काही बोलायच्या आत शामकला ढसाढसा रडायला लागली.

"तुले कायचं रडू येऊन राहिलं?" कोणीतरी विचारलं.

"छतावर," शामकला हुंदक्यातून म्हणाली. "मावाला मोहा छतावर हाये."

देवेंद्र शिडीनं वर गेला. वरून त्याचा आवाज आला : "अरे बाप!" रिकाम्या टाकीत काठोकाठ मोहा होता.

मग गंमत झाली. एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, त्याचा थोडा तिसरीच्या वर्गाच्या माळ्यावर आहे. दोघी सख्ख्या जावा एकमेकींना चोरून झेंड्याच्या चौथऱ्यामागं वाळवत होत्या, ते दोघींनाही तिथंच कळलं. खेळाच्या साहित्याच्या खोलीचं कुलूप निघेना, कारण किल्ली अध्यक्षांकडे; अध्यक्षांना किल्ली सापडेना; शेवटी देवेंद्रनं दाराला नाक लावून म्हटलं, "केवलरामभाऊ, खेळाचं सामान भल्ला गोड वास मारून राहिलं." फटीतून पाहिलं तर आत एक फुटका फुटबॉल होता आणि मोह्याची चार पोती.

म्हणजे दहा कोसांत मोह्याचं सगळ्यात मोठं कोठार कोणतं, तर कोसमटोल्याची प्राथमिक शाळा. बुढ्याला कळलं होतं. पालकांना स्वतःखेरीज कोणाचं माहीत नव्हतं.

आधी एक हसलं. मग थांबवता येईना. इतवारीसुद्धा हसला, टाक्यांमुळे तो एकाच बाजूनं हसतो.

रीना हसली नाही. तिनं गुंजनला खाली ठेवलं. धुरपताला कळलं, हाच तो क्षण. ही गेली की मागं दोन-चार.

"गुरुजी," रीना म्हणाली, "मी नाव काढाले आली होती."

गुरुजींनी फाइल छातीशी धरली.

"पन व्हॅनवाले इंग्रजीत धाडतीन. तुमी असं धाडता. दोनीकडं पोरगी मधातच." तिनं धुरपताकडे हनुवटी केली. "मले टेकडीवर काय आयकू आलं? ह्या बाईचा गंज. बिना रेंजचा. अन् एका सबदात समजलं. चोरी केली तिनं, आंगावर घेतली ना? तुमी कोनी घेतली तिच्या आंधी?"

केवलराम किल्ली शोधतच होते.

"उद्यापासून सहाले गंज वाजला पायजे. एक ठोका, म्हंजे धाडा. लगातार, म्हंजे धाडू नोका. अन् हिले काढलं तं मी गुंजनले काढतो."

धुरपता चुलीकडे वळली. खिचडीला उशीर झाला होता.

खुलासा

वर पाठवायच्या नमुन्यात गुरुजींनी प्रथमच सरळ लिहिलं. सवय नसल्यानं वेळ लागला.

*धोक्याचे स्वरूप :* अस्वल.

*धोक्याचे कारण :* मोहफुले. (समितीसह सर्वांची.)

*केलेली कार्यवाही :* फुले हलविली. चौथ्या बाजूस गावकऱ्यांनी काट्यांचे कुंपण केले; नालीपुरती जागा उरली.

*पालकांना कळविण्याचे माध्यम :* गंज, ॲल्युमिनियम, मोठा, एक. चालक : धुरपता मडावी.

आठ दिवसांनी वरून उत्तर आलं. कोसमटोल्यात वरून एवढ्या लवकर काही आलेलं नव्हतं. *सदर माध्यमाची तांत्रिक माहिती, क्षमता व पोच घेण्याची पद्धत यांचा खुलासा तात्काळ सादर करावा.*

गुरुजींनी ते धुरपताला वाचून दाखवलं.

"क्षमता म्हंजे?"

"किती मावते."

"पन्नास पोट्ट्याची खिचडी," ती म्हणाली. "लिवा. पट वाढला तं कामी येईन."

पोच

आता पोचेचं राहिलं.

कुंपण झालं त्या संध्याकाळी धुरपताच्या मनात एक गोष्ट अडली होती. सगळ्यांना कळवलं. पालकांना गंजानं, वर नमुन्यानं, व्हॅनवाल्यांना रीनानं जावेमार्फत. ज्याच्यामुळे हे सगळं झालं, त्याला कोणी कळवलं? तो बिचारा रोज उतरणार, आशेनं.

म्हणून ती, गंज घासून झाल्यावर, नालीपाशी गेली. पलीकडं पळस आणि सागाची काळी रांग होती. तिनं पदर खोचला आणि गावजेवणाला बोलवावं तशा मोकळ्या आवाजात हाक घातली.

"ओ बुढा! आयकून घे गा! शाळेतला मोहा उचलला! छतावरचा बी, अध्यक्षाचा बी! आता इथी काइ नाइ! उगाच पाय झिजवू नोको! लेकरं भेतेत!"

जरा थांबून, तिला बरं वाटेना म्हणून : "टेकडीच्या पलीकडं झाडं हायेत, कोनी वेचत नाइ! तिथी जाय!"

जंगलातून उत्तर आलं नाही. ती घरी गेली.

सकाळी सहाला तिनं गंजावर एक ठोका मारला आणि पोरांची वाट पाहत बसली. गुरुजी नालीपाशी वाकून काहीतरी पाहत होते. त्यांनी तिला हात करून बोलावलं.

चिखलात, कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला, दोन पंजे होते. शेजारी शेजारी, खोल, ताजे. तिथं तो उभा राहिला असावा, हुंगलं असावं. आत एकही पाऊल नव्हतं. तिथूनच वळून गेला होता.

गुरुजींनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"दोन खुणा," ते म्हणाले. "धुरपताबाई, म्हणजे मॅसेज पोचला."

धुरपतानं वाकून पाहिलं. रीनाच्या फोनमध्ये तिनं त्या दोन खुणा पाहिल्या होत्या. त्यांचा रंग बदलतो, हेही तिला माहीत होतं.

"निळ्या कवा होतेत?" तिनं विचारलं.

तेवढ्यात गुंजन आली. फाटकानं आली. मग इतर आली, आणि धुरपता मोजायला लागली.